दात-ओठ खाऊन ध्यान होत नाही

पाचोरा (प्रतिनिधी) : ध्यानाला बसलेल्या माणसाकडे कधी बाजूला उभे राहून पाहिले आहे का? डोळे मिटलेले, पाठ ताठ, हात मांडीवर; सारे काही सांगितल्याप्रमाणे. पण जरा निरखून पाहिले तर खांदे कानांच्या दिशेने चढलेले दिसतात, दोन भुवयांच्या मध्ये आठी असते, जबडा आवळलेला असतो आणि श्वास छातीच्या वरच्या भागातच घुटमळत असतो. मन शांत करायला बसलेला हा गृहस्थ प्रत्यक्षात स्वतःशीच कुस्ती खेळत असतो. वीस मिनिटांनी उठतो तेव्हा तो बसण्यापूर्वीपेक्षा अधिक दमलेला असतो आणि आठ-पंधरा दिवसांत ‘हे आपल्याच्याने व्हायचे नाही’ असे म्हणून त्याने आसन गुंडाळून ठेवलेले असते.

प्रस्तुत प्रतिनिधीही या गृहस्थांपैकीच एक. काही वर्षांपूर्वी दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाण्याचा योग आला. पहाटे चार वाजता घंटा, रात्री नऊपर्यंत दिनक्रम, संपूर्ण मौन आणि दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास बैठक. पहिले तीन दिवस केवळ नैसर्गिक श्वासाकडे लक्ष द्यायचे, चौथ्या दिवसापासून शरीरावरील संवेदनांकडे. त्यानंतर ‘अधिष्ठान’ नावाची बैठक सुरू होते. तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात-पाय हलवायचे नाहीत. शिबिरातले शिक्षक पुन्हा पुन्हा समता राखण्यास सांगत होते. पण ऐकणाऱ्याने ते ‘सहन करा’ असे ऐकले. उजव्या गुडघ्यातून कळा येत होत्या आणि आपण दात-ओठ खाऊन बसलो होतो. एकदाही न हलता तास पूर्ण केला याचा अभिमान घेऊन घरी परतलो. दुसऱ्याच दिवशी चहात साखर जास्त पडली म्हणून घरच्यांवर ओरडलो! दहा दिवसांत नेमके काय शिकलो, हा प्रश्न तेव्हा पडला आणि तो बरेच दिवस मागे लागला.

खानदेशातल्या माणसाला हा विषय परका नाही. पाचोऱ्याहून शेंदुर्णी-पहूरमार्गे निघाले की अजिंठ्याची लेणी जवळच आहेत. चाळीसगावच्या पलीकडे, कन्नड तालुक्याच्या डोंगरात पितळखोरे आहे. गावोगावच्या बुद्धविहारांत वंदनेनंतर आनापानाची बैठक होते. मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसले की चाळीसगाव, नांदगाव, मनमाड, नाशिकरोड ओलांडून इगतपुरी येते. सत्यनारायण गोएंका यांनी म्यानमारमध्ये सयाजी उ बा खिन यांच्याकडे शिकलेली विपश्यना १९६९ मध्ये भारतात आणली आणि १९७६ मध्ये इगतपुरीच्या ‘धम्मगिरी’चे काम सुरू झाले. मुंबईत गोराई येथे उभारलेल्या, आठ हजार साधक एकत्र बसू शकतील अशा विपश्यना पॅगोडाचे उद्‌घाटन ८ फेब्रुवारी २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले, म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या कन्येच्या हस्ते. ध्यानाची सोय आपल्याकडे भरपूर आहे. अडते ते बसल्यानंतर.

आश्चर्य असे की ही अडचण अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षूंनाही आली होती आणि पाली ग्रंथांत तिची चर्चा विस्ताराने आली आहे.

सोणाचे रक्ताळलेले पाय

सोण कोळिवीस हा चंपानगरीतील अतिशय श्रीमंत घराण्यातला तरुण. इतका लाडात वाढलेला की त्याच्या तळपायांवर लव होती, असे विनयपिटक सांगते. भिक्षू झाल्यावर त्याने चंक्रमणाचा, म्हणजे चालत करायच्या ध्यानाचा, असा काही ध्यास घेतला की त्याचे तळपाय फुटून चालण्याची जागा रक्ताने माखली. एवढे करूनही चित्त मुक्त होईना. तेव्हा त्याच्या मनात विचार आला, की घरी संपत्ती आहे, परत जावे, तिचा उपभोग घ्यावा आणि दानधर्म करून पुण्य जोडावे.

बुद्धांनी त्याला उपदेशाचे मोठे प्रवचन दिले नाही. घरी असताना तू वीणा चांगली वाजवायचास ना, एवढेच विचारले. तारा फार ताणल्या तर वीणा सुरात वाजते का? नाही. फार सैल सोडल्या तर? तेव्हाही नाही. मग प्रयत्नांचेही तसेच आहे. अति ताणले की चित्त अस्वस्थ होते, अति सैल सोडले की आळसावते. अंगुत्तर निकायातील सोणसुत्तातला हा दृष्टान्त अनेकांना ठाऊक असतो. पण विनयपिटकातील पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. तुझे पाय नाजूक आहेत, तू एकपदरी पादत्राणे वापर, अशी मुभा बुद्धांनी सोणाला दिली. सोण म्हणाला, एकट्यासाठी नको; सगळ्या संघाला परवानगी असेल तरच मी वापरीन. आणि मग ती सर्वच भिक्षूंना मिळाली. वीणेचा दृष्टान्त मनासाठी होता, चपला पायांसाठी. दोन्हींची गरज आहे हे मान्य करणारा हा गुरू होता, असे म्हणायला हरकत नाही.

मुळात बुद्धांचा स्वतःचा अनुभवही हाच. मज्झिम निकायात त्यांनी आपल्या तपश्चर्येचे वर्णन केले आहे. दातांवर दात दाबून, जीभ टाळूला लावून, मनाने मनाला दडपण्याचा प्रयत्न त्यांनी केला. काखांतून घामाच्या धारा लागल्या, पण शरीर अशांतच राहिले. मग उपवासाने हाडे दिसू लागल्यावर त्यांना बालपणीची एक गोष्ट आठवली. वडील कामात असताना आपण जांभळीच्या गार सावलीत बसलो होतो आणि तेव्हा चित्त आपोआप एकाग्र, प्रसन्न झाले होते. त्या सुखाला मी भितो कशाला, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि अन्न घेण्यास सुरुवात केली. बोधीच्या वाटेवरचे वळण जांभळीखाली बसलेल्या एका मुलाच्या आठवणीतून यावे, ही गोष्ट कठोर साधनेचे गोडवे गाणाऱ्यांनी जरा थांबून वाचण्यासारखी आहे.

‘प्रश्रब्धि’ म्हणजे काय?

या सैलपणाला बौद्ध परिभाषेत स्वतंत्र नाव आहे. पालीत ‘पस्सद्धि’, संस्कृतात ‘प्रश्रब्धि’. शरीर आणि चित्त दोहोंचे निवणे, असा तिचा अर्थ. बोधीच्या सात अंगांत तिची गणना होते. स्मृती, धम्मविचय, वीर्य, प्रीती, प्रश्रब्धि, समाधी आणि उपेक्षा, असा तो क्रम आहे. यात प्रश्रब्धि समाधीच्या आधी आहे, हे महत्त्वाचे. आपली सर्वसाधारण समजूत उलट असते. आधी मन एकाग्र करू, मग आपोआप शांत वाटेल, असे आपण धरून चालतो. ग्रंथ सांगतात की आधी निवा, मग एकाग्रता येईल. आनापानसती सुत्तात श्वासाच्या साधनेची पहिली चार पावले दिली आहेत. त्यांतले चौथे पाऊल म्हणजे देहाची हालचाल-खळबळ शांत करीत श्वास घेणे आणि सोडणे.

मात्र ही मात्रा सरसकट द्यायची नाही. संयुत्त निकायात अग्नीचा दृष्टान्त आहे. विझू लागलेल्या लहान आगीवर ओले गवत टाकले तर ती पेटणार नाही. तसेच मन सुस्तावले असेल तेव्हा प्रश्रब्धि, समाधी, उपेक्षा यांची वेळ नसते. तेव्हा विचार, प्रयत्न आणि उत्साह यांचे कोरडे लाकूड हवे. उलट आग भडकली असताना कोरडे लाकूड घालणे वेडेपणाचे. दिवसभर मोबाइल, गाडीची गर्दी, कर्जाचा हप्ता आणि मुलांची परीक्षा डोक्यात घेऊन रात्री ध्यानाला बसणाऱ्या शहरी माणसाची आग बहुधा दुसऱ्या प्रकारची असते, आणि तो तिच्यावर निश्चयाची लाकडे रचत असतो.

पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषाचार्यांनी लिहिलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथात तर याविषयी दृष्टान्तांची मालिकाच आहे. अमुक झाडाला फुले आली हे कळताच एक अतिहुशार मधमाशी इतक्या वेगाने उडते की झाडाच्या पुढे निघून जाते. परत वळून येईपर्यंत पराग संपलेला असतो. दुसरी मंद माशी रमतगमत येते, तिलाही काही मिळत नाही. शस्त्रक्रिया शिकणारे विद्यार्थी पाण्याच्या पात्रातील कमळाच्या पानावर शस्त्र चालवण्याचा सराव करीत. एक घाईने पान कापून टाकतो किंवा पाण्यात बुडवतो, दुसरा भीतीने शस्त्र टेकवतच नाही. नावाडी सोसाट्याच्या वाऱ्यात सगळी शिडे उभारतो आणि नाव भरकटते. ज्याला हात हलका ठेवून काम करता येते त्याचेच काम होते, हे शल्यकर्म शिकणाऱ्यांच्या उदाहरणावरून सांगण्याची कल्पना आजच्या डॉक्टरांनाही पटावी. या ग्रंथाच्या संपादनावर आपल्या आयुष्याची कित्येक वर्षे खर्च करणारे विद्वान मराठीच होते, हे जाता जाता नोंदवले पाहिजे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनी त्यासाठी हार्वर्ड विद्यापीठात काम केले आणि मराठी वाचकांसाठी ‘समाधिमार्ग’ हे छोटेखानी पुस्तकही लिहिले.

विसुद्धिमग्गात प्रश्रब्धि कशाने वाढते याची यादीही आहे आणि ती चकित करणारी आहे. चांगले अन्न, अनुकूल हवामान, सुखावह आसन, मध्यम वृत्ती, अंगावर धावून येणाऱ्या तापट माणसांपासून दूर राहणे, शांत माणसांची संगत आणि तिकडे मनाचा कल. यादीच्या सुरुवातीला जेवण, हवा आणि बसायची जागा! मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा भरदुपारी पत्र्याखाली ध्यान जमत नसेल तर तो साधकाचा दोष नव्हे. पहाट आहेच. मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर बसावे. पाय जमिनीवर टेकलेले असले आणि पाठ सरळ असली की पुरे.

गुराख्याचे दोन हंगाम

आपल्या भागातील कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांनी मनाला पिकात शिरणाऱ्या, कितीही हाकलले तरी परतणाऱ्या गुराची उपमा दिली, ती प्रत्येक मराठी माणसाला शाळेपासून माहीत आहे. असोद्याच्या या शेतकरी स्त्रीने आणि बुद्धांनी एकाच जागी दृष्टान्त शोधावा, हे शेतीच्या मुलुखात स्वाभाविकच. मज्झिम निकायातील द्वेधावितक्क सुत्तात गुराखी दोन वेळा येतो. पावसाळ्याच्या शेवटी शेते पिकाने भरलेली असतात. तेव्हा गुराख्याला काठी घेऊन गुरे सतत वळवावी लागतात, नाहीतर नुकसान, दंड, मारहाण ठरलेली. पण उन्हाळ्यात पीक घरी आल्यावर तोच गुराखी झाडाखाली निवांत बसतो. ‘गुरे तिथे आहेत’ एवढे भान त्याला पुरते.

या दृष्टान्तात काठी टाकून द्या असे म्हटलेले नाही. हिंसा, द्वेष, लोभ यांचे विचार आले की काठी हवीच. पण असे विचार नसतानाही आपण काठी आपटतच राहतो, ही खरी अडचण. भाजी आणायची आठवण झाली, शेजारच्या गाण्याचा आवाज आला, की आपण दचकून स्वतःवर खेकसतो. त्याच सुत्तात बुद्ध पुढे म्हणतात की चांगलेच विचार जरी रात्रंदिवस करीत बसले तरी शरीर थकते, शरीर थकले की चित्त विचलित होते आणि विचलित चित्त समाधीपासून दूर जाते. थकव्याचा इतका सरळ हिशेब आध्यात्मिक ग्रंथांत क्वचित आढळतो.

‘मग काहीच करायचे नाही का?’ असा प्रश्न यावर नेहमी येतो. त्याचे उत्तर आनंदाच्या गोष्टीत आहे. बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरणार होती. तिला अर्हत भिक्षू बसणार होते आणि पंचवीस वर्षे बुद्धांची सेवा केलेला, त्यांची प्रवचने मुखोद्‌गत असलेला आनंद अजून अर्हत नव्हता. संगीतीच्या आदल्या रात्री त्याने जवळजवळ रात्रभर साधना केली. पहाटे, आता जरा पडावे म्हणून तो कलंडला. पाय जमिनीवरून उचलले होते आणि डोके उशीला टेकले नव्हते, तेवढ्यात त्याचे चित्त मुक्त झाले, असे चुल्लवग्ग सांगतो. ही गोष्ट आळशी माणसाच्या सोयीची वाटते. पण आनंदाने रात्रभर जागून काढलेली होती आणि त्याआधी पंचवीस वर्षे. प्रयत्न झाले होते. शेवटी फक्त त्यांवरची मूठ सैल झाली.

आधुनिक शास्त्राकडेही या बाबतीत सांगण्यासारखे आहे. हार्वर्डचे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी ध्यान करणाऱ्यांच्या शरीरक्रियांचा अभ्यास करून १९७५ मध्ये ‘द रिलॅक्सेशन रिस्पॉन्स’ हे पुस्तक लिहिले. शांत जागा, मनाला धरायला एखादा शब्द किंवा श्वास, आरामशीर बैठक आणि ‘जमते की नाही’ याची चिंता न करण्याची वृत्ती, असे चार घटक त्यांनी सांगितले आणि यांतला शेवटचा घटक बहुधा सर्वांत महत्त्वाचा असल्याचे म्हटले. १९८७ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी विद्यार्थ्यांना पांढऱ्या अस्वलाचा विचार अजिबात करू नका असे सांगून पाहिले. अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिले आणि बंदी उठल्यावर तर अधिकच आले. श्वासाचे गणितही साधे आहे. श्वास सोडताना व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाची गती किंचित मंदावते, घेताना वाढते. म्हणून बसल्यावर सुरुवातीला दोन-चार उच्छ्वास मुद्दाम लांबवले तर शरीराला ‘आता धोका नाही’ असा निरोप जातो. त्यानंतर श्वासाला त्याच्या गतीने जाऊ द्यावे. (विपश्यनेच्या शिबिरात श्वास मुळीच बदलू देत नाहीत, तेथे तेथील पद्धत पाळावी.)

एक सावधगिरी. सैल सोडताच काहींना उलट घाबरल्यासारखे होते, छाती धडधडते. मानसशास्त्रात याची नोंद १९८० च्या दशकापासून आहे. सतत पहारा देण्याची सवय झालेल्या मनाला पहारा उठवण्याचीच भीती वाटते. अशा वेळी डोळे उघडावेत, उठून चालावे, जोर करू नये. ज्यांना गंभीर मानसिक आजार आहे किंवा होता त्यांनी दहा दिवसांच्या शिबिराला जाण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे आणि ती माहिती शिबिराच्या अर्जात दडवू नये.

उपेक्षा आणि बेफिकिरी

आता एका आक्षेपाकडे वळले पाहिजे, कारण तो महाराष्ट्रात विशेष वजनाने येतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह जो धम्म स्वीकारला, तो अन्यायाशी लढण्याचे बळ म्हणून. त्यांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’ या ग्रंथात धम्माचा केंद्रबिंदू माणूस आणि माणसामाणसांतील संबंध हाच आहे. मग ज्याला रोज अपमान गिळावा लागतो, ज्याच्या कपाशीला भाव मिळत नाही, त्याला ‘सैल हो, स्वस्थ बस’ असे सांगणे म्हणजे त्याची फसवणूक नव्हे काय?

सैलपणाच्या नावाखाली निमूटपणा विकला जात असेल तर आक्षेप बरोबरच आहे, आणि तसे विकणारे कमी नाहीत. पण ग्रंथांनी हा धोका ओळखला होता. मराठीत ‘उपेक्षा’ या शब्दाचा अर्थ दुर्लक्ष, हेळसांड असा झाला आहे. म्हणूनच आपल्याकडचे शिक्षक ‘समता’ हा शब्द वापरतात. विसुद्धिमग्ग सांगतो की प्रत्येक सद्‌गुणाचा एक दूरचा शत्रू असतो आणि एक जवळचा, म्हणजे त्याच्यासारखाच दिसणारा. उपेक्षेचा जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेफिकिरी. चेहऱ्यावर दोघी सारख्याच दिसतात. ओळखण्याची खूण आपल्या रोजच्या व्यवहारात सापडते. दुसऱ्याचे दुःख दिसेनासे झाले असेल तर ती बेफिकिरी. ते दिसत असूनही हात थरथरत नसतील तर ती समता. तहसील कचेरीत अर्ज घेऊन गेलेला जो माणूस संतापाने शब्द विसरत नाही, आपले म्हणणे कागदासह पूर्ण मांडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, त्याला निमूट कोणी म्हणणार नाही.

संयुत्त निकायाच्या आरंभीच एका देवतेने बुद्धांना विचारले आहे, की तुम्ही महापूर कसा पार केलात? उत्तराचा आशय असा, की न थांबता आणि न झगडता. थांबलो तेव्हा बुडू लागलो, झगडलो तेव्हा वाहून जाऊ लागलो. गिरणेच्या पात्रात पोहायला शिकलेल्या कुणालाही हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

रोजच्या जगण्यात याचा उपयोग कसा करायचा, याविषयी वितक्कसण्ठान सुत्तातला एक दृष्टान्त फार कामाचा आहे. एक माणूस भरभर चालला आहे. त्याच्या मनात येते, मी एवढा भरभर का चाललो आहे? सावकाश चालावे. सावकाश चालताना वाटते, चालतो तरी कशाला? उभे राहावे. मग बसावे. मग आडवे व्हावे. अस्वस्थ विचारांवर उपाय म्हणून ही रीत त्या सुत्तात चौथ्या क्रमांकावर आहे. दातांवर दात दाबून विचार चिरडण्याचा उपाय पाचवा, म्हणजे बाकी सारे थकल्यावरचा. आपण बहुतेक जण पाचव्यापासून सुरुवात करतो.

पहिला प्रश्न, ‘एवढा भरभर का?’, दिवसात कुठेही विचारता येतो. जिना चढताना, जेवताना, दुचाकीवर सिग्नलला थांबल्यावर मूठ हँडलवर किती घट्ट आहे हे पाहताना. बातमीच्या धंद्यात तर त्याची फारच गरज पडते. हा मजकूर लिहितानाही खांदे दोनदा कानांपर्यंत गेलेले सापडले.

पाचोऱ्याच्या माणसाला हा प्रश्न विचारणारी एक सोय पूर्वी गावातच होती. पाचोरा-जामनेर नॅरोगेज गाडी, आपली पीजे, ५६ किलोमीटरांचे अंतर आपल्या चालीने कापायची. लहानपणी तिच्यात बसलो की पहिला अर्धा तास ‘केव्हा पोहोचणार’ म्हणून जीव खालीवर व्हायचा. नंतर खिडकीबाहेरची कपाशी, केळीच्या बागा, फाटकाशी उभी असलेली माणसे दिसू लागायची. गाडी तेवढ्याच वेगाने चाललेली असायची. २०२० मध्ये ती थांबली आणि तो मार्ग ब्रॉडगेज करण्याचे काम हाती घेण्यात आले. गाड्या वेगाने धावाव्यात ही परिसराची जुनी मागणी आहे आणि ती रास्तच आहे.

गुडघ्याचे म्हणाल तर आता खुर्चीवर बसतो. पहाटे पंधरा मिनिटे, कधी दहा. आधी जबडा, मग खांदे, मग पोट सैल सोडायचे आणि श्वास येतो-जातो तो पाहायचा. गुरे अधूनमधून पिकात शिरतात. चहात साखर जास्त झाली तर अजून चिडचिड होते. पण ओरडण्यापूर्वी जबडा आवळला जातो, हे हल्ली वेळेवर कळू लागले आहे.